मावशींच्या सुरकुत्या कुठे गेल्या?

उभा राहा. हा फोटो माजिवडा नाक्यावरच्या मासेवाल्या मावशींचा, असं तू म्हणतोस. मी वर्षानुवर्षं त्यांच्याकडून बोंबील घेतो, तरी मला त्या ओळखू आल्या नाहीत. अ‍ॅपमधलं एक बटण दाबलंस आणि सत्तरीचा चेहरा मैद्याच्या गोळ्यासारखा गुळगुळीत करून टाकलास. कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांखालच्या रेषा, बोटांवरचे कोयत्याचे व्रण, सगळं पुसलंस. कुणी सांगितलं होतं?

आणि करायला हवं होतं त्याला हात लावला नाहीस. मागचा उड्डाणपूल डावीकडे कललाय; सरळ करायला पाच सेकंद लागतात. पापलेट हळदीत लोळवल्यासारखं दिसतंय, कारण वरचा बल्ब पिवळा. व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर कशासाठी असतो? मावशींच्या शेजारीच थर्माकोलचा पांढरा खोका आहे. त्याच्यावर टेकवला असतास, तर पापलेटाची चांदी परत आली असती. खोक्याची वरची कड सोडून, जरा खाली. ती कड जळलीय.

जळणं म्हणजे काय, किती वेळा सांगू? जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या. तिन्ही रंग 255वर आदळले की तिथे तपशील उरतच नाही. मग हायलाइटची पट्टी कितीही ओढ, हाती राखाडी डाग येतो. 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये 16,384 पायऱ्या असतात, म्हणून रॉमध्ये काढ म्हणत होतो. हिस्टोग्राम बघायचा तुला कंटाळा आणि सॅच्युरेशन मात्र शंभरवर. साडीचा हिरवा डोळ्यांत खुपतोय.

सुधारक ओलवे यांचे मुंबईच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो तुला बघायला लावले होते. त्यात ना घाण झाकलीय, ना थकवा. 2015च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत आलेल्या फोटोंपैकी जवळपास पाचवा हिस्सा फेरफारामुळे बाद झाला, मूळ फायलींशी ताडून पाहिल्यावर. मुरलेल्या माणसांचे फोटो होते ते.

तुझी मूळ फाइल मागितली तर म्हणतोस, "सर, त्याच्यावरच सेव्ह झाली." झाली नाही, तू केलीस. माझा सगळा राग त्याचा आहे. मावशींनी गिऱ्हाईक थांबवून तुझ्याकडे पाहिलं होतं रे!

कॅमेऱ्यातलं कार्ड काढ. पुसलं असशील तरी त्यावर नवा एकही फोटो काढू नकोस. आत्ताच्या आत्ता इथे टेबलावर ठेव.