कलिंगडाच्या साली

योग्य ती शिक्षा अयोग्य हेतूने झाली, तर तिला न्याय म्हणावे काय? प्रश्न जुनाच आहे; परंतु रशियातील 'रोदिना', म्हणजे 'मातृभूमी', नावाच्या एका लहान पक्षाची कथा वाचताना तो आम्हांला नव्याने बोचला.

डिसेंबर २००३ च्या संसदीय निवडणुकीपूर्वी अवघे काही महिने ही आघाडी उभी राहिली. अर्थशास्त्रज्ञ सेर्गेई ग्लाझ्येव आणि फर्डे वक्ते दिमित्री रोगोझिन हे तिचे पुढारी. कम्युनिस्टांची मते फोडण्यासाठी क्रेमलिननेच तिला हात दिला, असे तेव्हाही उघड बोलले जाई. मते नऊ टक्के पडली, आणि बोट धरून चालवलेले मूल बोट सोडून धावू लागले. २००४ मध्ये ग्लाझ्येव अध्यक्षपदासाठी थेट पुतिन यांच्याविरुद्ध उभे राहिले. जानेवारी २००५ मध्ये वृद्धांच्या सवलती काढून रोख रक्कम देणाऱ्या कायद्याविरुद्ध रोगोझिन सहकाऱ्यांसह उपोषणास बसले.

त्याच वर्षी मॉस्कोच्या नगरविधिमंडळाची निवडणूक आली. पक्षाच्या जाहिरातीत कॉकेशसकडचे काही पुरुष कलिंगड खाऊन साली वाटेवर फेकतात. रोगोझिन सहकाऱ्यासह तेथे येतात, आणि त्या पुरुषांपैकी एकाला विचारले जाते, रशियन समजते का? शेवटी घोषणा येते ती मॉस्को कचऱ्यापासून स्वच्छ करण्याची. कचरा कोणता, हे सांगावे लागत नव्हते. (परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या घर केलेल्या आम्हां मंडळींना त्या प्रश्नातला सूर कळण्यासाठी रशियन यावी लागत नाही.)

तक्रार केली झिरिनोव्स्की यांच्या लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाने. असल्याच भाषेवर ज्याने वर्षानुवर्षे मते मिळवली, त्याने! मतदान तोंडावर आले असता न्यायालयाने रोदिनाची यादी बाद केली.

जाहिरात विषारी होती, यात आम्हांला तिळमात्र शंका नाही. चोराने ओळखून दिला म्हणून दुसरा चोर साव ठरत नाही, हेही मान्य. तथापि जो कायदा वर्षानुवर्षे झोपतो आणि नेमका धन्याची मर्जी उतरल्यावर जागा होतो, त्याच्यापासून लोक काय शिकतात? द्वेष वाईट, हे नव्हे. मर्जी गमावणे वाईट, हे. खुद्द रोगोझिन हा धडा चांगला शिकले असावेत. मार्च २००६ मध्ये त्यांनी नेतृत्व सोडले, ऑक्टोबरात पक्ष 'न्याय्य रशिया'त विरघळला; आणि ते स्वतः २००८ मध्ये 'नाटो'कडे राजदूत व २०११ मध्ये उपपंतप्रधान झाले. विचार बदलल्याचे त्यांना कोणी विचारले नाही, आणि बदलण्याची गरजही पडली नाही.

२०१२ मध्ये रोदिना पुन्हा नोंदवली गेली. २०१६ आणि २०२१ मध्ये तिला एकेकच जागा मिळाली. २०२१ मध्ये निवडून आलेला तो एकमेव सदस्य सभागृहात बसला, तो लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाच्या गटात.