सामानापाशीं राहणाऱ्यांचा वांटा

मंडळींतील जी सेवा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं तिच्याविषयीं आपलें कर्तव्य काय, हा प्रश्न जुना आहे. परंतु अलीकडे तो नव्या रूपानें आपणांपुढें आला आहे. पुण्यासारख्या शहरांतील पुष्कळ मंडळ्यांत उपासनेच्या वेळीं मागच्या कोपऱ्यांत एखादा तरुण भाऊ किंवा बहीण यंत्रापाशीं बसलेली दिसते. पाळकांचा आवाज हलका असला तर तो चढवावयाचा, माइक कर्कश ओरडूं लागला तर आवरावयाचा, गीताचें कडवें वेळेवर पडद्यावर आणावयाचें, आणि आजाऱ्यांस घरीं उपासना ऐकतां यावी म्हणून मोबाइल सांभाळावयाचा, हें त्यांचें काम. त्याबद्दल बहुधा वेतन नसतें. काम नीट झालें तर तें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं; आवाज बंद पडला कीं मात्र सारी मंडळी मागें वळून पाहते. इ. स. २०२० च्या मार्च महिन्यांत साथीमुळें देवळें बंद झालीं आणि १२ एप्रिलचा पुनरुत्थानदिन लोकांनीं घरींच पाळिला. तेव्हां अशा हातांवांचून कित्येक पाळकांचा शब्द उंबरठ्याबाहेर गेला नसता.

आपल्या लोकांस ही गोष्ट अगदींच नवी नाहीं. छापखाना हेंही एके काळीं नवें यंत्रच होतें. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढिलें, तें १८९० सालीं पुण्यास आणिलें, व पुढें पुणें जिल्ह्यांतच केडगांव येथें मुक्तिसदन वसविलें. दुष्काळांतून वांचविलेल्या अनेक मुली व विधवा तेथें आश्रयास होत्या. बाईंनीं इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. त्याचे खिळे जुळविण्याचें व तें छापण्याचें काम मुक्तिसदनांतील स्त्रियांनीं केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं बाई प्रभूकडे गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. बाईंचें नांव सर्वांस ठाऊक आहे. उलटीं अक्षरें वाचून एकेक खिळा बसविणाऱ्या त्या स्त्रियांपैकीं कितीजणींचीं नांवें आपण सांगूं शकूं? तरी त्यांचे हात नसते तर बाईंचे अनेक वर्षांचे श्रम हस्तलिखितांतच राहिले असते.

येथें कोणी म्हणेल, प्रभूनें दानधर्म गुप्तपणें करण्यास शिकविलें आहे. मग अशा सेवकांची आठवण कशास काढावी? आमचें उत्तर असें कीं, ती आज्ञा देणाऱ्यास आहे. घेणाऱ्यास विसरण्याची मोकळीक तींत नाहीं. रोमकरांस पत्र लिहितांना पौलानें आपला लेखक तर्तियस यास स्वतःच्या नांवानें सलाम घालूं दिला. दावीद अमालेक्यांचा पाठलाग करीत असतां त्याच्या सहाशें मनुष्यांपैकीं दोनशें थकून बसोर ओहोळापाशीं राहिले. जय मिळाल्यावर कित्येकांनीं त्यांस लुटींतला भाग नाकारिला. तेव्हां लढणाऱ्यास व सामानापाशीं राहणाऱ्यास सारखाच वांटा मिळावा असा दाविदानें नियम केला.

हा वांटा म्हणजे हारतुरे नव्हेत. मंडळींत खरा वांटा उपासनेचाच आहे. जो दर रविवारीं तारा व दिवे पाहत बसतो, त्याच्या कानीं उपदेश अर्धाच पडतो. डोळे मिटून प्रार्थना करावी, तर यंत्रावरची नजर काढतां येत नाहीं. इतरांस भाकर पोंचविणारा स्वतः उपाशी राहिला, तर तो दोष कोणाचा? यास्तव हें काम दोघांतिघांनीं पाळीपाळीनें करावें, प्रभुभोजनाच्या वेळीं भाकर व प्याला त्यांच्या जागीं नेऊन द्यावा, आणि प्रार्थनेंत त्यांचीं नांवें घ्यावीं, असें आम्हांस वाटतें.

सेवा करणाऱ्यांसही एक शब्द सांगणें अवश्य आहे. पडद्यामागेंही अभिमान वाढतो. आपल्यावांचून मंडळीचें चालणार नाहीं असें ज्यास वाटूं लागेल, त्यानें आपली विद्या लागलीच दुसऱ्यास शिकवावी.

खेड्यांतील आमच्या सुवार्तिक बंधूंपाशीं कदाचित् मोठीं यंत्रें नसतील. परंतु सतरंजी अंथरणारा, दिवा लावणारा, भाड्याचा कर्णा खांद्यावर वाहून आणणारा कोणी ना कोणी प्रत्येक गांवीं आहे. येत्या रविवारीं तो कोठें बसतो, आणि उपासनेचा वांटा त्यास मिळतो कीं नाहीं, इतकें तरी आपण पाहावें.