बंद पडण्याचा हक्क

आमच्या घरी एक काळे खोके आहे. मुले त्याला 'रिसीव्हर' म्हणतात. माझी आई 'दादाचे खोके' म्हणते. दादा मुंबईला असतो. त्याने स्वतःसाठी नवे खोके घेतले तेव्हा हे जुने, चाकरमान्यांच्या रीतीला धरून, गणपतीच्या दिवसांत पोलादपूरला आणून ठेवले. कोकणातल्या पुष्कळ घरांत मुंबईचा संसार असाच दहा-बारा वर्षे उशिरा येऊन पोचतो. आधी पंखा, मग कपाट, मग दूरदर्शन संच, आणि आता हे होम थिएटर. टीव्हीचा आवाज घ्यायचा आणि खोलीत चहूकडे ठेवलेल्या पाच स्पीकरना नि एका घुमणाऱ्या पेटीला तो वाटून द्यायचा, एवढेच त्याचे काम. पण ते काम ते इतक्या थाटाने करी की पहिल्या आठवड्यात आमच्या माजघरात बसून पडद्यावरचा पाऊस ऐकताना आईने दोनदा उठून कौलांकडे पाहिले.

मग ते बंद पडू लागले. अगदी बिघडले असते तर गोष्ट वेगळी होती. हे वीस मिनिटे उत्तम चाले, आणि ऐन रंगात आले की आतून 'खट्' असा आवाज होई आणि तोंडावर तांबडा दिवा लुकलुकू लागे. बटण दाबले की पुन्हा सुरू. पाच मिनिटांनी पुन्हा खट्. आईच्या मते त्याला दृष्ट लागली होती. पुतण्याच्या मते दोष विजेच्या दाबाचा होता. मी शिक्षक, हट्टी मुलावर जो उपाय आमच्या पिढीला ठाऊक होता तोच मी योजला. डाव्या हाताने त्याच्या डोक्यावर एक थाप मारावी आणि उजव्याने बटण दाबावे. महिनाभर हा क्रम चालला. थाप मारली की ते काही वेळ चाले, म्हणून माझा उपाय बरोबर आहे अशी माझी समजूत होती. शिक्षकांच्या पुष्कळशा समजुती अशाच प्रकारे दृढ झालेल्या असतात.

शेवटी यंदाच्या श्रावणात महाडहून एका दुरुस्ती करणाऱ्या तरुणाला बोलावले. तो माझाच जुना विद्यार्थी. वर्गात तो कधी बोलला नाही; आता बोलत होता तो, आणि ऐकत होतो मी. खोक्यावरचा क्रोशाचा रुमाल आणि त्यावरची गणपतीची तसबीर त्याने आधी आदराने बाजूला ठेवली. मग शोकेसची काचेची दारे उघडली आणि म्हणाला, "गुरुजी, याला श्वास कुठून घ्यायला ठेवलात?" झाकण काढले तर आत ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर बोटभर धूळ, आणि पालीची दोन अंडी. मागच्या बाजूला एका तारेतला केसाएवढा तांब्याचा तंतू सुटून शेजारच्या खिळ्याला टेकला होता. आणि तिसरी गोष्ट माझी करणी. पडवीतल्या मंडळींनाही ऐकू यावे म्हणून मी दोन जादा स्पीकर पहिल्या दोघांच्याच तारांना जोडून दिले होते.

"आठ ओमचे दोन स्पीकर असे शेजारी शेजारी जोडले की किती ओम होतात, गुरुजी?" त्याने विचारले. मी मराठी शिकवतो. त्यानेच उत्तर दिले, "चार. म्हणजे प्रवाह दुप्पट. हा बिचारा दुप्पट ओझे ओढत होता, तेही तोंड बांधून."

रात्री मी या ओमची माहिती शोधून वाचली. गेऑर्ग ओम हा जर्मनीतल्या कोलोन शहरी शाळामास्तर होता हे वाचून मला उगाच बरे वाटले. १८२७ साली त्याने आपला सिद्धांत पुस्तकरूपाने मांडला. दाब तोच ठेवून अडथळा निम्मा केला तर प्रवाह दुप्पट होतो, असे सांगणारा तो माणूस. विद्वानांनी पुस्तकाचे स्वागत अगदी थंडपणे केले आणि मास्तरांनी उद्विग्न होऊन नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक देऊन त्याचा मान केला तो १८४१ साली. मधली चौदा वर्षे त्याने काय सोसले असेल ते त्याच्या समीकरणात बसत नाही.

पण मला सांगायचे आहे ते याच्या पुढचे. पुढच्या आठवड्यात घरी पाहुणे यायचे होते. मी त्या मुलाला म्हणालो, "हे सगळे तू सावकाश कर. तूर्त असं कर, आतून ते खट् करून बंद पाडणारं जे काही आहे, तेच काढून टाक."

तो हसला. म्हणाला, "काढता येतं. मग हा बंद पडणार नाही, जळेल. जळताना स्पीकरही घेऊन जाईल. घरात कोणी नसलं तर घरसुद्धा. हा बिघडलेला नाही, गुरुजी. बिघडू नये म्हणून थांबतो आहे. दुसरा कोणी काढून देईल. मी नाही देणार."

तो गेल्यावर मी बराच वेळ पडवीत बसून होतो. कारण हेच शब्द, थोड्याफार फरकाने, मी पूर्वी एकदा उच्चारले होते, आणि तेव्हा मला नाही म्हणणारे कोणी भेटले नव्हते.

२२ जुलै २०२१ चा दिवस आमच्या भागात कोणी विसरणार नाही. सावित्री आणि गांधारी महाडच्या बाजारपेठेत शिरल्या. त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर आला. आमच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडी येथेही दरडींनी माणसे नेली. आमचे घर थोडे उंचावर आहे. पाणी ओसरल्यावर महाडची दोन बिऱ्हाडे आमच्याकडे आली. लहानथोर धरून चौदा माणसे, आणि त्यांच्याबरोबर चिखलाने जड झालेले कपडे, भिजलेली धान्याची पोती, रात्री दचकून उठणारी मुले. तीन आठवडे माझ्या पत्नीने त्या सर्वांचे केले. सर्वांचे केले म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. मी मदतीच्या कामाला बाहेर असे आणि लोक मला शाबासकी देत.

मंडळी आपापल्या घरी परतली. ऑगस्ट सरता सरता एका सकाळी ही उंबऱ्यावर बसली आणि उठेना. रडली नाही, रागावली नाही. एवढेच म्हणाली, "आज माझ्याच्याने होणार नाही."

आम्ही दोष शोधू लागलो. डॉक्टरांनी तपासले, रक्तदाब ठीक, साखर ठीक. त्यांनी विश्रांती सांगितली. मी म्हणालो, "विश्रांती पुढे घेईल, डॉक्टर. दहा सप्टेंबरला गणपती आहेत. तोवर उभी राहील असं काहीतरी द्या." त्यांनी सुया दिल्या, गोळ्या दिल्या. ती उठली. एकवीस मोदक झाले, गौरी झाल्या, मुंबईची मंडळी तृप्त होऊन परत गेली. आणि त्यानंतर तिने 'आज माझ्याच्याने होणार नाही' हे वाक्य पुन्हा कधी उच्चारले नाही. हिची प्रकृती सुधारली असे मी लोकांना सांगत असे, आणि मला ते खरेच वाटत होते. गेल्या माघात ती न्हाणीघरात पडली तेव्हा कळले की तीन दिवस तिच्या अंगात ताप होता. घरात कोणालाच ठाऊक नव्हते. खट् असा आवाज झालाच नव्हता.

अमेरिकेत साउथ कॅरोलिना राज्यात 'बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन' नावाचे एक आगगाडीचे इंजिन होते. वाफ फार झाली की ती बाहेर सोडून देणारी सुरक्षा-झडप त्याला होती. वाफ सुटताना ती फुसफुसे. जून १८३१ मध्ये एक दिवस कोळसेवाल्याला त्या आवाजाचा त्रास होऊ लागला, म्हणून त्याने ती झडप दाबून बंद केली. आवाज थांबला. थोड्या वेळाने बाष्पक फुटला आणि तो कोळसेवाला प्राणाला मुकला. आपल्याकडे घरोघरी फ्यूजची तार वारंवार जाते म्हणून तिच्या जागी जाड तार घालणारे कुशल गृहस्थ असतातच. मीही घातलेली आहे. कोळसेवाल्याला हसण्याचा अधिकार आपल्यापैकी फारच थोड्यांना आहे. फरक इतकाच की त्याने आपल्या अंगावर ओढवून घेतले, आणि मी दुसऱ्याच्या.

आपल्याला न थांबणाऱ्यांचे कौतुक फार. माझ्या कादंबऱ्यांतल्या बायका कधी थकत नाहीत; एका वाचक भगिनीने मला पत्रातून तसे लिहिले तेव्हा मी ती स्तुती समजलो. चंदनासारखे झिजावे असे आपण मुलांना शिकवतो. परंतु चंदन आपणहून झिजत नाही. त्याला सहाणेवर उगाळणारा हात कोणाचा तरी असतो, आणि गंध कपाळाला लागतो तोही त्या हाताच्या धन्याच्या. महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल असाच न कुरकुरणारा होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात वाहून गेला आणि दोन एस.टी. गाड्या अंधारात नदीत गेल्या. त्याच्यावर आमचा जो विश्वास होता तो त्याने कधी तक्रार केली नव्हती म्हणूनच होता. पुढच्या वर्षी, २०१७ च्या जूनमध्ये, नवा पूल झाला. त्यावरून जाताना मी अजून नदीकडे पाहतो.

तथापि प्रश्न एवढ्याने सुटत नाही. 'थकलास की थांब' हा नियम करून टाकावा, तर त्या पुरात गळ्याएवढ्या पाण्यातून म्हाताऱ्यांना खांद्यावर आणणाऱ्या पोरांचे काय? ते थांबले असते तर? हिनेही पहिल्याच दिवशी हात टेकले असते तर ती चौदा माणसे कुठे गेली असती? दुरुस्तीवाल्या मुलाने मला एक मोठी चमत्कारिक गोष्ट सांगितली होती, ती मी नंतर पडताळून पाहिली. अमेरिकेत आग विझवण्याच्या विजेच्या पंपांसाठी जे नियम आहेत त्यांत इतर मोटारींसारखी, भार वाढला की आपोआप थांबण्याची सोय या पंपाला सहसा देत नाहीत. पंप जळाला तरी चालेल. इमारत वाचली पाहिजे. म्हणजे यंत्रशास्त्रालाही दोन नियम ठाऊक आहेत, एक रोजच्या दिवसाचा आणि एक आगीच्या दिवसाचा.

मला वाटते, माणसाची लबाडी इथेच आहे. आग लागलेली असते तेव्हा आगीचा नियम लावावा लागतो, त्याला कोणी नाही म्हणत नाही. जुलैचे तीन आठवडे ती आग होती, आणि तेव्हा ती थांबली नाही. तिला ते कोणी सांगावे लागले नाही. कोणता नियम केव्हा लावायचा हे तिचे तिने ठरवले. आग विझल्यावर ती उंबऱ्यावर बसली, तेही तिनेच ठरवले. सप्टेंबरचे मोदक म्हणजे आग नव्हती. एका वर्षी पाच मोदकांवर भागले असते तर गजाननाने काही म्हटले नसते. पण मी मोदकांना आगीचा नियम लावला, आणि जळायचे कोणी तेही मीच ठरवले.

समर्थांनी शिवथरघळीत बसून दासबोध सांगितला असे परंपरा मानते. घळ आमच्याच महाड तालुक्यात. पावसाळ्यात धबधब्याचा आवाज एवढा की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. जगाची उठाठेव करणारा तो पुरुष तिथे जाऊन बसला, त्याला कोणी बंद पडला म्हटले नाही. एकांत म्हटले. घरच्या बाईला आपण एवढा साधा शब्दही ठेवलेला नाही. ती बसली की आपण विचारतो, "काय होतंय?"

दुरुस्तीवाल्याने चारशे रुपये घेतले. पडवीचे स्पीकर सुटले, खोके उघड्या फळीवर आले, रुमाल आईच्या पेटीत गेला. तिला ते अजून पटलेले नाही. लोक उघडे-बोडके खोके पाहून काय म्हणतील, हा तिचा प्रश्न आहे. खोके आता सहसा बंद पडत नाही. मात्र परवा, आश्विनातल्या उकाड्यात, चित्रपट ऐन भरात असताना ते एकदा खट् झाले. मी सवयीने उठलो. हात वर गेलाच होता. ही म्हणाली, "असू द्या हो. निवू दे त्याला."

मी बसलो. मुले उठून अंगणात गेली. तांबडा दिवा लुकलुकत होता. त्या सकाळी ती उंबऱ्यावर बसली होती त्याविषयी तिला काही विचारावे असे फार मनात आले, शब्दही जुळवले. विचारले नाही. थोड्या वेळाने तिने दिवाळीच्या वातींसाठी कापूस पुढे ओढला. मीही एक पेळू घेतला. माझ्या वाती हातातून सोडल्या की उलगडत होत्या. दोनदा तिने त्या माझ्याकडून काढून घेऊन पुन्हा वळल्या, आणि तिसऱ्यांदा मात्र तशाच राहू दिल्या.