देहाची सीमा आणि आतड्याचे अस्तर

देह नेमका कोठे संपतो, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी प्राण्याच्या लहान आतड्याच्या अस्तराचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की तो गंभीर होतो. या अस्तरात लसीकाभ ऊतकाचे, म्हणजे रोगप्रतिकारक लसीकापेशींनी दाटलेल्या ऊतकाचे, पुंजके असतात. स्विस वैद्य योहान कोनराड पायर याने १६७७ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखले जातात. पुंजक्यातील प्रत्येक गोलसर गाठीत ‘बी’ लसीकापेशी असतात, गाठींमधल्या जागेत ‘टी’ लसीकापेशींचे प्राबल्य असते, आणि गाठीवरच्या घुमटाकार भागात ‘एम’ नावाच्या पेशी विखुरलेल्या असतात. शेजारच्या शोषक पेशींवर सूक्ष्म उद्वर्धांची दाट झालर असते. ‘एम’ पेशींवर ती तोकडी व विरळ असते, आणि त्यांच्या तळाशी असलेल्या खळग्यात लसीकापेशी येऊन बसलेल्या असतात. आतड्याच्या पोकळीतले जंतू व कण ‘एम’ पेशी आत घेतात आणि फारसे न पचवता खळग्यातल्या पेशींच्या स्वाधीन करतात. तटबंदीला मुद्दाम ठेवलेला हा दिंडी दरवाजा आहे.

ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ मॅकफार्लेन बर्नेट यांनी विसाव्या शतकात ‘स्व’ आणि ‘पर’ यांतील भेद ओळखणे हे प्रतिकारसंस्थेचे मूळ कार्य मानले. या मांडणीत ‘स्व’ आधी सिद्ध असतो आणि ‘पर’ नंतर येतो. परंतु पूर्णतः जंतुरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत हे पुंजके खुरटे राहतात, त्यांतील जननकेंद्रे, म्हणजे ‘बी’ पेशींच्या विभाजनाच्या जागा, जेमतेम आढळतात, आणि जंतूंचा संसर्ग घडवला की त्यांची वाढ होते. परक्याला ओळखणारे ऊतकच परक्याच्या सहवासाने पूर्णत्वास जाते. यावर एक आक्षेप टाळता येत नाही: मेंढीच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील मोठा पुंजका जंतूंशी गाठ पडण्यापूर्वी, गर्भातच वाढू लागतो. मात्र तेथेही ज्या ‘बी’ पेशी घडतात, त्या अद्याप न भेटलेल्या परक्यासाठीच घडतात.

‘स्व’ आधी सिद्ध नसतो एवढ्यावरून स्थिर आत्मा नाकारणारा बौद्धांचा अनात्मवाद सिद्ध झाला असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. न्यायदर्शनातील आत्मा हा ज्ञानाचा आश्रय आहे, देह नव्हे. अद्वैत वेदान्त तर देहाला अनात्म्यातच गणतो. त्यामुळे आतड्याचा पुरावा या दोन्ही मतांना स्पर्शही करत नाही. अडचण होते ती चार्वाकांच्या नावावर असलेल्या देहात्मवादाची, कारण देह हाच आत्मा मानणाऱ्याने आतड्यातील जंतू देहात मोजायचे की देहाबाहेर, हे आधी सांगितले पाहिजे, आणि सूक्ष्मदर्शकाखालचा छेद तशी स्वच्छ रेघ त्याला काढू देत नाही.