गरम कोपरा, गार कोपरा

आपल्याकडे पाहुणचाराचा पहिला बळी बहुधा पाहुणाच असतो. तो 'नको, नको' म्हणतो, आपण 'लाजू नका' म्हणतो आणि तिसरी पुरणपोळी त्याच्या पानात पडते. दुसऱ्याचं सुख कशात आहे हे त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं, अशी आपली प्रामाणिक समजूत असते. माझीही होती. ती एका सापाने मोडली.

त्याचं असं झालं. मे महिन्यात अंबडहून पुण्याला पुतण्याकडे गेलो होतो. दिवाणखान्यात काचेची एक पेटी होती आणि पेटीत वेटोळं घालून बसलेला अजगर. "काका, बॉल पायथन आहे. आफ्रिकेतला. बिनविषारी," पुतण्या म्हणाला. तोवर मी पाय सोफ्यावर घेतलेले होते. आपल्याकडचा साप घरात पाळणं हा 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, एवढं मला ठाऊक होतं. पण हा पडला परदेशी. त्याची सरकारदरबारी रीतसर नोंद करावी लागते आणि ती केलेली होती. म्हणजे सापाचे कागद चोख! आमच्या अंबडच्या वाड्याच्या वाटण्या अजून तोंडीच चालल्या आहेत.

मग मला पेटीचं शास्त्र ऐकावं लागलं. सापाला स्वतःची ऊब तयार करता येत नाही. ती बाहेरून घ्यावी लागते. ऊब कमी पडली तर खाल्लेलं पचत नाही, उलटून पडतं. हवा कोरडी झाली तर कात तुकड्या-तुकड्यांनी निघते, डोळ्यावरचा पापुद्रा तसाच अडकून बसतो. फार ओल आणि कोंदटपणा झाला तर खवले कुजतात, श्वासाचा विकार जडतो. म्हणून दमटपणा साठ टक्क्यांच्या आसपास.

"आणि उष्णता किती?" मी विचारलं.

"एकच आकडा नसतो, काका. या टोकाला बत्तीस अंश, त्या टोकाला सव्वीस. कुठे बसायचं ते त्याने ठरवायचं. आणि लपायला जागा दोन्हीकडे हवी. एकीकडेच ठेवली तर भीतीपोटी तो तिथेच बसून राहतो, मग गरम होवो की गार."

हे ऐकून मी पाहुण्यांच्या खोलीत झोपायला गेलो. काका अंबडच्या उन्हात भाजून निघालेत, या मायेपोटी पुतण्याने यंत्र बावीसवर लावून ठेवलं होतं आणि रिमोट तो आपल्याबरोबर घेऊन गेला होता. दोन चादरी आणि एक सतरंजी अंगावर घेऊन मी कुडकुडत पडलो. सापाला दोन कोपरे होते, मला एकच! पण मागायचं कसं? मायेने दिलेलं दुःख परत करता येत नाही.

अन् तिथे, रात्री दोन वाजता, मला आई आठवली.

आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची. जन्म माळवदाच्या घरात गेला. मी तिच्यासाठी स्लॅबची खोली बांधली, कूलर बसवला आणि कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानात राहिलो. पण ती रोज रात्री बाज ओढत ओसरीवर जायची आणि पहाटे लिंबाखाली सापडायची. "कूलरच्या ओल्या वाऱ्यानं गुडघे धरतात रे," म्हणायची. मी रागवायचो. अंधारात पडलीस म्हणजे? माझी भीती खोटी नव्हती. त्या वयात मोडलेलं हाड सहजी जुळत नाही. शेवटी एक दिवस मी ती बाज उचलून माळ्यावर टाकली. त्या दिवसापासून आई खोलीत राहू लागली, आणि मला वाटलं, रुळली!

रुळली नव्हती. लपायची जागा एकीकडेच होती, म्हणून तिथे बसली होती. तिने पडण्याची भीती घ्यावी की गुडघ्यांचं दुखणं, एवढीच निवड मी शिल्लक ठेवली होती, आणि नंतर तीही काढून घेतली. काळजी माझी होती, किंमत तिची जात होती.

गावी परतल्यावर बाज खाली काढली. ओसरीवर दिवा लावला, पायरीशी धरायला लोखंडी नळी बसवली. पडण्याची भीती माझ्या मनातून गेली असं नाही. पण ती भीती मी सांभाळायची. तिने कुठे झोपायचं ते तिने.

रात्री आईला सापाची सगळी हकिगत रंगवून सांगितली. गरम कोपरा, गार कोपरा, साठ टक्के. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

"समदं खरं रे बाबा. पन त्या जनावराला पुन्याला यायचं का, हे कोनी इचारलं व्हतं का?"

मी उठलो आणि उगीचच कूलरमध्ये पाणी भरायला गेलो.