मुद्रा एकाची, हात दुसऱ्याचा

इज्रेल येथील नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसहि ठाऊक आहे. अहाब राजाचा लोभ आणि ईजबेल राणीचें कपट यांविषयीं उपदेशकांनीं पुष्कळ वेळां सांगितलें आहे. परंतु त्या गोष्टींत आणखीहि कांहीं माणसें आहेत, आणि त्यांच्याकडे आपलें लक्ष क्वचित् जातें. तीं म्हणजे त्या गांवचे वडील व प्रतिष्ठित लोक. त्यांस राजाच्या नांवानें लिहिलेलीं व राजाच्या मुद्रेनें बंद केलेलीं पत्रें आलीं. मुद्रा राजाची होती, पण लिहिविणारा हात सीदोनाहून आलेल्या राणीचा होता. वडिलांस हें ठाऊक नव्हतें असें म्हणतां येत नाहीं. कारण काम उरकल्यावर त्यांनीं निरोप धाडिला तो राजाकडे नव्हे, तर राणीकडे. हात कोणाचा हें त्यांस कळलें होतें, परंतु त्याचें त्यांस कांहींच वाटलें नाहीं. त्यांनीं नाबोथाचा द्वेष केला असें शास्त्रांत कोठेंहि लिहिलेलें नाहीं. ते उदासीन राहिले, इतकेंच. आणि एक निरपराधी मनुष्य दगडांखालीं मेला.

ह्या उदासीनतेविषयीं आज लिहिण्याचें कारण असें कीं, लोकशाहींत मुद्रा राजाच्या बोटांत नसते. ती प्रत्येक मतदाराच्या बोटावर असते. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरील जी म्हातारी काठी टेकीत शाळेंतील मतदानकेंद्रापर्यंत जाते, तिच्या बोटावरील शाई ही तिची मुद्रा होय. त्या मुद्रेमागील हात तिचा आहे कीं दुसऱ्या कोणाचा? आणि तो दुसरा जर परदेशांत बसलेला, ज्याचें नांव आपणांस ठाऊक नाहीं व ज्यास आपण कधींहि जाब विचारूं शकत नाहीं असा असेल, तर त्याचें आपणांस कांहीं वाटावें कीं नाहीं?

ही केवळ कल्पना नव्हे. १९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकींत परदेशी पैसा वापरला गेल्याचा बोभाटा झाला. त्या वेळीं देशाचे गृहमंत्री आपल्या महाराष्ट्राचे यशवंतराव चव्हाण होते. गुप्तचर खात्याकडून चौकशी झाली, पण तिचा अहवाल लोकांपुढें ठेवण्यांत आला नाहीं. पुढें १९७६ सालीं परदेशी देणग्यांवर निर्बंध घालणारा कायदा झाला, आणि उमेदवार, राजकीय पक्ष, आमदार-खासदार व वर्तमानपत्रांचे संपादक यांनीं परदेशी पैसा घेण्यास साफ मनाई झाली. २०१४ च्या मार्च महिन्यांत दिल्ली उच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, भारतीय जनता पक्ष व काँग्रेस ह्या दोन्ही पक्षांनीं हा कायदा मोडिला आहे; कारण इंग्लंडांत नोंदलेल्या वेदान्त कंपनीच्या ताब्यांतील कंपन्यांकडून त्यांनीं देणग्या घेतल्या. त्या कंपन्यांपैकीं एक गोव्यांत लोहखनिज काढणारी सेसा ही होती. मग काय झालें? २०१६ व २०१८ सालीं अंदाजपत्रकाबरोबरच्या विधेयकांतून परदेशी कोणास म्हणावें ह्याची व्याख्याच बदलण्यांत आली, आणि तो बदल १९७६ सालापासून लागू समजावा असें ठरलें. २०१८ चें विधेयक लोकसभेंत चर्चेवांचून मंजूर झालें. दोन्ही पक्ष सुटले. बाजारांत, आगगाडींत, देवळाच्या ओट्यावर त्याविषयीं कोणी बोललें काय?

त्याच २०१८ च्या मार्चांत केंब्रिज ॲनालिटिका ह्या इंग्लंडांतील कंपनीचें प्रकरण उघडकीस आलें. फेसबुकवरील कोट्यवधि लोकांची माहिती त्यांच्या नकळत गोळा करून, कोणाचें मन भीतीनें वळेल व कोणाचें रागानें, हें हेरून निवडणुकीचा प्रचार करणें हा तिचा धंदा. सुमारें ५ लाख ६२ हजार भारतीयांची माहिती तिच्या हातीं गेली असावी, असें फेसबुकनेंच कळविलें. आपल्या मोठ्या पक्षांनीं एकमेकांकडे बोट दाखविलें, केंद्रीय अन्वेषण विभागानें २०२१ सालीं गुन्हा नोंदविला, आणि लोक तें विसरून गेले. इतर देशांत निदान गलबला तरी झाला. अमेरिकेंत २०१६ च्या निवडणुकींत अमेरिकन नागरिकांचें सोंग घेऊन लोकांत कलह माजविल्याचा आरोप रशियांतील १३ माणसांवर ठेवण्यांत आला. रुमानियांत डिसेंबर २०२४ मध्यें, बाहेरून ढवळाढवळ झाल्याच्या संशयावरून, तेथील घटना-न्यायालयानें अध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरीच रद्द केली.

केंब्रिज ॲनालिटिकाच्या प्रकरणानंतर दोनच महिन्यांनीं, २८ मे २०१८ रोजीं, आपल्या पालघर लोकसभा मतदारसंघांत पोटनिवडणूक झाली. त्या दिवशीं ठिकठिकाणीं मतपावतीचीं यंत्रें बंद पडलीं, तेव्हां उन्हांत ताटकळलेल्या लोकांनीं ओरड केली, आणि ती रास्त होती. यंत्र बंद पडलेलें डोळ्यांस दिसतें. परंतु मतदारानें केंद्रांत पाऊल टाकण्यापूर्वींच त्याच्या मनांत कोणी हात घातला असेल, तर तें डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणून त्याविषयीं ओरडहि होत नाहीं. येथें कोणा परदेशीयानें लबाडी केली असें माझें म्हणणें नाहीं. केली असती तर आपण विचारिलें असतें काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

ह्यावर आपले लोक तीन प्रकारें उत्तर देतात, आणि तिन्ही उत्तरें विचार करण्याजोगीं आहेत.

पहिलें उत्तर असें : "आम्हांस पाण्याची चिंता, पावसाळा संपला कीं वीटभट्टीवर जाण्याची चिंता, ह्या मोठ्या गोष्टींचें आम्हांस काय?" ज्याच्या घरांत दाणा नाहीं त्याचें हें बोलणें हंसण्यावारी नेऊं नये. परंतु डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण येथें सुमारें ७६ हजार कोटि रुपयांचें बंदर होऊं घातलें आहे. त्याची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजीं झाली. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचा मार्ग, जपानच्या कर्जाच्या साह्यानें, ह्याच तालुक्यांतून जात आहे. हीं कामें चांगलीं कीं वाईट हा प्रश्न निराळा. पण जेथें एवढा पैसा उतरतो, तेथील लोकांचा प्रतिनिधि कोण असावा ह्याविषयीं दूरदूरच्या लोकांस आस्था उत्पन्न होणें साहजिक आहे. मग ज्याची जमीन, ज्याचा समुद्र, ज्याचें पाणी, त्यासच ती आस्था नसावी काय?

दुसरें उत्तर अधिक चतुर आहे : "सांगणारा कोणी कां असेना, सांगणें खरें असलें म्हणजे झालें." आपल्या घोलवडाच्या चिकूच्या वाडीवाल्यास हें विचारून पाहा. कोणी अनोळखी मनुष्य वाडींत येऊन म्हणाला कीं, "भाव पडणार आहे, आजच विकून टाक," तर वाडीवाला प्रथम काय विचारतो? "दादा, माल घेणार तूंच काय?" भाव खरोखर पडणार असेलहि, परंतु सांगणाऱ्याचा त्यांत काय लाभ आहे हें कळल्यावांचून त्या बोलण्याचें वजन ठरत नाहीं. दहा चिकूंच्या पाट्यांविषयीं जी सावधगिरी आपण बाळगितों, ती पांच वर्षांच्या राज्यकारभाराविषयीं कां बाळगूं नये?

आणि निरोप कोणाचा हें न विचारल्याची किंमत ह्याच मातींत रक्तानें दिलेली आहे. १९४५ च्या ऑक्टोबरांत तलवाडा येथें जमलेल्या वारली लोकांवर गोळीबार होऊन जेठ्या गांगड व त्यांचे कांहीं सोबती मेले. लोक तेथें कां जमले होते? गोदावरी परुळेकर बाईंची सभा आहे असा निरोप पाड्यापाड्यांतून फिरला होता म्हणून. तो निरोप बाईंचा नव्हताच. नांव एकाचें, हात दुसऱ्याचा! पुढें १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं डहाणू तालुक्यांतील गडचिंचले येथें दोन साधु व त्यांचा गाडी हांकणारा हे जमावाच्या हातून ठार झाले. मुलें चोरणारे फिरत आहेत अशी अफवा त्यापूर्वीं मोबाइलवरून घरोघर पोंचली होती. ती प्रथम कोणीं लिहिली हें पुढें धाडणाऱ्यांनीं विचारिलें नाहीं. त्या तिघांच्या मरणानंतर त्यास धर्माचा रंग देणारे खोटे निरोप देशभर फिरले, तेव्हांहि कोणीं विचारिलें नाहीं. ज्या वाटेनें ती अफवा आली, त्याच वाटेनें निवडणुकीच्या दिवसांत परक्याचा शब्दहि येऊं शकतो, आणि तो आपल्याच शेजाऱ्याच्या नांवानें येतो.

तिसरें उत्तर सर्वांत कडू आहे : "आपलेच पुढारी आदल्या रात्रीं नोटा व दारू वाटतात, मग परदेशी मनुष्यानें निराळें काय केलें?" बंधूंनो, हें खरें आहे, आणि आपल्या उदासीनतेचें मूळ येथेंच आहे. ज्यानें आपलें मत एका रात्रीच्या दारूस विकलें, त्यास तें विकत घेणारा कोठला, ह्याची चौकशी करण्याचा उत्साह कोठून यावा? एसावानें आपला ज्येष्ठपणाचा हक्क वाटीभर वरणास विकला. भूक खरी होती, पण हक्क गेला तो गेलाच. आपल्या आजोबा-पणजोबांस हें शास्त्रांतून शिकावें लागलें नाहीं. लग्नासाठीं सावकाराकडून थोडे रुपये घ्यावे आणि मग नवराबायकोनें मिळून त्याच्या घरीं वर्षानुवर्षें राबावें, ह्यास ह्या भागांत लग्नगडी म्हणत. कागदावर आंगठा गड्याचा, मजकूर सावकाराचा. १९४५ च्या मे महिन्यांत झरी येथें वारली लोक जमले व त्यांनीं ती वेठ नाकारली. त्यांच्या पुढाऱ्यांचें कम्युनिस्ट मत आपणांस मान्य असो वा नसो, न वाचलेल्या कागदावर आंगठा उठविणार नाहीं हा त्यांचा निश्चय सत्याचा होता. त्या काळीं मताचा हक्क मालमत्ता किंवा शिक्षण असणारांसच होता. सर्वांस तो १९५१-५२ च्या निवडणुकींत प्रथम बजावतां आला. जो हक्क आजोबांस मिळालाच नव्हता, तो नातवानें पुन्हां न वाचलेल्या कागदावरील आंगठा करून टाकावा काय?

आतां एक प्रश्न आपले विरोधक आपणांस विचारितात, आणि तो आपण टाळूं नये. "तुमचीं देवळें, शाळा व दवाखाने परदेशी पैशानें उभे राहिले, मग तुम्हीं कोणत्या तोंडानें बोलावें?" उत्तर असें कीं, भेद देशी व परदेशी हा नव्हे, उघड व लपलेलें हा आहे. डहाणूचा दवाखाना अमेरिकेंतील ब्रदरेन मंडळीच्या मिशनऱ्यांनीं काढिला हें औषध घेण्यास येणाऱ्या रोग्यास ठाऊक होतें. शुभवर्तमानहि ह्या किनाऱ्यावर परक्यांच्या तोंडून आलें. परंतु सांगणारा समोर उभा होता, ऐकणारा त्यास प्रश्न विचारूं शकत होता, आणि नकोसें वाटल्यास उठून जाऊं शकत होता. मनुष्याची इच्छा मोकळी राहते ती ह्यामुळें. जर कोठें आपल्यांतील कोणी देणगीच्या आड अट लपविली असेल, तर तेंहि पापच होतें, आणि तें कबूल करण्यास आपण लाजूं नये. २०२० सालीं परदेशी देणग्यांचा कायदा आपल्यासारख्या संस्थांस अधिक कडक झाला, आणि आपल्या कोषाध्यक्षांस पैपैचा हिशेब द्यावा लागतो. तो आनंदानें द्यावा. परंतु जो कायदा मुळांत निवडणुकीच्या रक्षणासाठीं झाला, तो निवडणूक लढविणारांस सैल व दवाखाना चालविणारांस घट्ट व्हावा, आणि लोकांनीं त्याविषयीं चकार शब्द काढूं नये, हें लोकांच्या जागेपणाचें लक्षण नव्हे.

तर मग आपण काय करावें? मोठीं कामें आपल्या हातीं नाहींत, पण लहान आहेत. मोबाइलवर आलेला निरोप पुढें धाडण्यापूर्वीं तो कोणाचा हें विचारावें. धाडणाऱ्यास ठाऊक नसेल तर निरोप तेथेंच थांबवावा. मत मागण्यास येणाऱ्यास, "तुमच्या खर्चाचा पैसा कोठून आला?" असें पाड्यावर सर्वांसमक्ष विचारावें. तो रागावला तरी हरकत नाहीं; विचारिलें गेलें हेंच पुष्कळ. आदल्या रात्रीं येणारी नोट परत करावी. आणि उपदेशकांनीं कोणास मत द्यावें हें मंडळीस सांगूं नये. सांगतील तर तेहि दुसऱ्याच्या मुद्रेवर आपला हात ठेवितील. त्यांनीं विचारण्यास शिकवावें व स्वतःचे हिशेब मंडळीपुढें उघडे ठेवावे.

इज्रेलाच्या वडिलांपैकीं एकानें जरी उभें राहून म्हटलें असतें कीं, "हें पत्र खरोखर कोणाचें?" तर कदाचित् नाबोथ वांचला असता, कदाचित् वांचलाहि नसता. परंतु त्या वडिलाचे हात तरी स्वच्छ राहिले असते. आपल्या बोटावर शाई लागेल त्या दिवशीं तें बोट आपलेंच असावें, आणि त्यामागील हातहि आपलाच असावा. विचारण्याचें धैर्य प्रभु आपणां सर्वांस देवो.