न मिळालेला कबुलीजबाब

पोलिसी मालिकेत तासाअखेर गुन्हेगार सापडतोच आणि आपण समाधानाने झोपी जातो. हे समाधान नैतिक असते काय?

अमेरिकेत १९९३ ते १९९९ अशी सात पर्वे चाललेल्या ‘होमिसाइड’ या बाल्टिमोरच्या मालिकेत टॉम फोन्टाना यांनी पहिल्याच वर्षी एक भाग लिहिला. अडेना या बालिकेच्या खुनाबद्दल दोन अधिकारी एका वृद्ध फळविक्रेत्याची बंद खोलीत तासन् तास चौकशी करतात. मनातील लज्जास्पद ओढ तो कबूल करतो; खून नाही. अखेरीस एका अधिकाऱ्याची खात्री पटते, तर दुसऱ्याची ढळते. खुनी कधीच सापडत नाही.

लेखकाने प्रेक्षकाला सांत्वन नाकारले, यातच त्याची सचोटी आहे. मृत बालिकेचे ऋण फिटत नाही, हे खरे. परंतु ओरबाडून घेतलेल्या कबुलीनेही ते फिटले नसते.